तिसऱ्या पायरीवरचा थेंब

उज्जैनमधल्या आमच्या माधव नगरच्या गल्लीत एक न लिहिलेला नियम होता. भिंतीत खिळा ठोकायचा असेल तर महिदपूरकर काकांना कळू द्यायचं नाही. कळलं की ते येणार. हातात ओळंबा, स्टीलची पट्टी, कानामागे टोक काढलेली पेन्सिल. आधी भिंतीची लांबी मोजणार, मग छताची उंची, मग खिडकी आणि दार यांच्यामधली जागा. शेवटी भिंतीवर केसाएवढी बारीक फुली काढून म्हणणार, "इथे. पण आज नको. उद्या सकाळच्या उजेडात परत बघू." आमचं एक कॅलेंडर तीन दिवस पलंगावर पडून होतं. चौथ्या दिवशी काका भाजी आणायला गेलेले बघून माझ्या नवऱ्याने खिळा ठोकून टाकला. संध्याकाळी काका आले, दारातूनच त्यांनी भिंतीकडे पाहिलं, आणि पुढचा अर्धा तास त्या कॅलेंडरकडे पाठ करून चहा प्यायले.

गल्ली त्यांच्यावर हसायची. मी हसत नसे. मी फ्रीगंजच्या एका बँकेत नोकरीला होते. घर, दोन मुलं, सासूबाईंची औषधं आणि बँक हे सगळं मी केवळ याद्यांच्या जोरावर सांभाळत होते. सकाळी यादी करायची, झालेल्या कामापुढे बरोबरची खूण करायची, उरलेलं उद्याच्या पानावर घ्यायचं. मला काका आपल्यातले वाटत. त्यांनाही मी तशीच वाटत असणार. काकूंना ते नेहमी सांगायचे, "सुनंदाची नजर बरोबर आहे. तिच्या नजरेतून काही सुटत नाही." हे वाक्य मला तेव्हा फार आवडायचं.

महिदपूरकरांचे पूर्वज कुणा सरदाराच्या दफ्तरात लिखापढी करायला माळव्यात आले होते. काका त्याचा मोठा अभिमान मिरवत नसत. एवढंच म्हणत, "आमच्या घरात दोनशे वर्षांत कुणी खाडाखोड केलेली नाही." ते स्वतः कालव्यांच्या सरकारी कार्यालयात मानचित्रकार होते. म्हणजे ड्राफ्ट्समन. कालवे, पूल, बांध यांचे नकाशे ट्रेसिंगच्या कापडावर काळ्या शाईने उतरवायचे. छत्तीस वर्षं त्यांनी तेच केलं. शाईचा थेंब पडलाच तर अर्धं ब्लेड घेऊन तो अलगद खरवडायचा, मग नखाने ती जागा घासून गुळगुळीत करायची, की साहेबाने भिंग लावून बघितलं तरी काही सापडू नये. "चूक तर होतेच," ते म्हणायचे. "ती बाहेर नाही दिसली पाहिजे."

नोकरीच्या शेवटच्या दोन वर्षांत कार्यालयात संगणक आला. तेव्हा सगळीकडेच काही ना काही नवीन येत होतं. आमच्या बँकेत संगणक, गल्लीत केबलचा टीव्ही, कोपऱ्यावर एसटीडीचा पिवळा बूथ. एका तरुण इंजिनिअरने काकांना शेजारी बसवून पडद्यावर रेघ ओढून दाखवली, पुसून दाखवली आणि म्हणाला, "देखिए सर, मिटाओ तो निशान भी नहीं रहता." काका घरी येऊन मला म्हणाले, "सुनंदा, मग त्याला आपण कुठे चुकलो हे लक्षात कसं राहणार गं?"

रिटायर झाल्यावर पहिल्या महिन्यात त्यांनी काकूंच्या स्वयंपाकघरातले सगळे डबे उंचीप्रमाणे लावले आणि त्यांचा एक नकाशा काढून दाराच्या आत चिकटवला. काकू माझ्याकडे आल्या. "ह्यांना कुठेतरी भरती करून टाक बाई. मोहरी शोधायला मला नकाशा वाचावा लागून राहिलाय."

भरती झाली ती भेरूगढला, आणि तीही भांडणातून.

उज्जैनच्या एका टोकाला भेरूगढ आहे. तिथे पिढ्यान्‌पिढ्या बाटिकचं काम चालतं. कापडावर पातळ केलेल्या मेणाने नक्षी काढायची, कापड रंगात बुडवायचं. मेण लागलेल्या जागी रंग चढत नाही. परत मेण, परत रंग, आणि शेवटी उकळत्या पाण्यात टाकून सगळं मेण काढायचं. काकांच्या एकुलत्या एक मुलीसाठी, वैशालीसाठी, तेव्हा स्थळं बघणं सुरू होतं. काकू, वैशाली आणि मी चादरी बघायला तिकडे गेलो आणि काकाही बरोबर आले. हनीफभाई नावाचे पांढऱ्या दाढीचे कारागीर चादरी उलगडून दाखवत होते. काकांनी खिशातून पट्टी काढली.

"ये बूटा इधर से सवा सूत बाहर है," काका म्हणाले. सवा सूत म्हणजे इंचाचा सहावा भागही नाही.

हनीफभाईंनी पट्टीकडे पाहिलं, काकांकडे पाहिलं. "साहब, चादर बिछाने की है कि नापने की?"

"नापने में क्या हर्ज है?"

"आदमी के हाथ का है, साहब."

"आदमी के हाथ के तो पुल भी हैं. सवा सूत खसके तो?"

"पुल पे सोता कौन है?" हनीफभाई म्हणाले. वैशाली फसकन हसली. हनीफभाई पुढे म्हणाले, "इतना ही है तो आप बना के बता दो."

आम्हाला वाटलं आता हे रागावून निघणार. काकांनी पट्टी खिशात ठेवली आणि विचारलं, "सुबह कितने बजे आऊँ?"

दुसऱ्या दिवसापासून ते सायकलवर भेरूगढला जायला लागले. बरोबर डबा, चष्म्याचं पुसणं आणि ती पट्टी.

पहिले आठ दिवस त्यांनी एका रुमालाएवढ्या कापडावर नुसती पेन्सिलची आखणी केली. नवव्या दिवशी हनीफभाईंनी हातात कलम दिली. लोखंडी सळईच्या टोकाला काथ्या गुंडाळलेला असतो, तो गरम मेणात बुडवायचा आणि कापडावर सरसर चालवायचा. मेण जास्त तापलं तर पसरतं, निवलं तर कापडात मुरतच नाही. मधे जी काय दोन-चार श्वासांची सवड मिळते, तेवढ्यात रेघ ओढून व्हायला हवी. काकांनी काय केलं? कापडावर स्टीलची पट्टी ठेवली आणि तिच्या कडेने कलम ओढली. मेण पट्टीखाली शिरलं आणि थिजलं. पट्टी उचलली तसं कापडही बरोबर उचललं गेलं. हनीफभाईंच्या कारखान्यातल्या बायका तोंडाला पदर लावून हसल्या.

पुढच्या आठवड्यात एक थेंब पडला. काकांनी ब्लेड काढलं, छत्तीस वर्षांच्या हाताने खरवडलं, आणि कापडाला भोक पडलं. त्यानंतर एक थेंब पडला तेव्हा ते कापड घरी घेऊन आले, वर-खाली टीपकागद ठेवून त्यावरून इस्त्री फिरवली. मेण वितळून आणखी पसरलं आणि वाटाण्याएवढा डाग बशीएवढा झाला. काकू म्हणाल्या, "आता माझी इस्त्रीपण गेली."

बिघडलेला प्रत्येक तुकडा ते घरी आणून पत्र्याच्या ट्रंकेत कोंबायचे. सहा महिने झाले तरी एक पूर्ण रुमाल हाती आला नव्हता. रेघ जरा हलली की कापड बाद, मेणाला तडा गेला आणि तड्यातून रंग शिरला की बाद. बाटिकमध्ये असे तडे जायचेच, आणि त्यातून उतरलेल्या बारीक शिरांसाठीच तर लोक ते घेतात. काकांना ते पटत नव्हतं. "ही गळती आहे," ते म्हणायचे. कालव्याला गळती लागली की ज्या आवाजात बोलत असतील त्याच आवाजात.

मी मदत केली. माझ्या पद्धतीने. एक नवी वही घेतली, पट्टीने रकाने आखले: दिवस, कापड, चूक, कारण, उपाय. काका खूश झाले. दोन महिन्यांत वही भरली. त्यातला 'चूक' हा रकाना इतका गच्च झाला की अक्षर शेजारच्या रकान्यात जाऊ लागलं. एकदा मी त्यांना डबा द्यायला भेरूगढला गेले होते, तेव्हा हनीफभाईंनी ती वही माझ्यासमोर धरली.

"मैडम, ये आपने बनाई?"

"जी."

"अच्छी बनाई. इसमें एक खाना और डाल दो. आज क्या अच्छा बना."

मी हसले. तो रकाना काही मी आखला नाही. वहीत जागा उरली नव्हती, असं तेव्हा मला प्रामाणिकपणे वाटलं.

काकांचा हात मोकळा केला तो काकूंनी. एक दिवस त्या सहज बरोबर गेल्या होत्या. काकांनी महिनाभर राबून एक हातभर कापड मेणाने पूर्ण भरलं होतं आणि ते दोन्ही तळव्यांवर आडवं धरून, पूजेचं ताट न्यावं तसं, रंगाच्या टाकीकडे निघाले होते. तडा जाऊ नये म्हणून. हनीफभाई मागून ओरडत होते, "अरे साहब, मुट्ठी में भींचो उसको! भींच के डालो!" काका ऐकेनात. काकू उठल्या, त्यांच्या हातावरचं ते कापड उचललं, दोन्ही मुठींत धरून कणकेसारखं चुरगळलं आणि टाकीत सोडलं. "घ्या. झालं एकदाचं."

काका भिंतीला टेकून खाली बसले. काकू नंतर सांगायच्या, "मला वाटलं ह्यांना काही झालं की काय." संध्याकाळी मेण उतरवून ते कापड वाळत घातलं तेव्हा पांढऱ्या कापडावर निळ्या शिरांचं असं जाळं उमटलं होतं की दोन बायका काम सोडून बघायला आल्या. काका त्याच्यापुढे जाऊन उभे राहिले. मग म्हणाले, "हे मला मोजता नाही येणार."

त्यानंतर त्यांच्यात फरक पडायला लागला. एकदम नाही. एक दिवस पट्टी घरी राहिली आणि ते परत आले नाहीत न्यायला. मग काकू म्हणाल्या, मोहरीचा डबा साखरेच्या जागी ठेवला तरी बोलले नाहीत. मी घरात नवीन घड्याळ लावलं होतं, घाईघाईत, जरासं कलतं. काका आले, बघितलं, मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. ते म्हणाले, "चालेल." त्यांच्या तोंडून हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला. मुठीत कापड चुरगळून दाखवताना तर ते अगदी पोरासारखे हसायचे. "आवाज ऐक सुनंदा. पापड मोडल्यासारखा येतो."

वैशालीचं लग्न ठरलं. मुलगा पुण्याचा. तिनेच बापाकडे मागणी केली. आमच्या समोर, जेवताना. "बाबा, पाठवणीच्या वेळी मी तुम्ही केलेली साडी नेसणार. माझ्यासाठी बनवा."

"मी? मला अजून चादर येत नाही धड."

"येऊ देत कशीही. जन्मभर सगळं सरळच बघत आलेय मी. एक तरी तुमची वाकडी वस्तू घेऊन जाऊ दे ना."

काकांनी खाली बघून भात कालवला. पण दुसऱ्या दिवशी कपड्याच्या दुकानातून सुती साडीचं कोरं कापड आलं.

तीन महिने ते त्या साडीवर होते. कुणाला दाखवली नाही. लग्नाची बाकीची सगळी व्यवस्था काकूंनी माझ्यावर टाकली होती, आणि मी ती आनंदाने घेतली होती. हॉल, आचारी, पुण्याच्या मंडळींची उतरायची सोय, स्टेशनवरून आणायला गाड्या, देण्याघेण्याच्या साड्या. एक जाड वही त्यासाठी वेगळी केली होती. त्यात एक ओळ होती, 'पाठवणीची साडी – काका'. तिच्यापुढे अजून खूण नव्हती आणि ते मला टोचत होतं.

लग्नाला सात दिवस उरले होते. दुपारी आमच्या जेवणाच्या टेबलावर निमंत्रणाच्या उरलेल्या पत्रिका पसरल्या होत्या, आचाऱ्याचा माणूस दारात उभा होता, फोन दोनदा वाजून गेला होता. काका आले. हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेलं पुडकं.

"वैशालीला अजून नाही दाखवली," ते म्हणाले. "आधी तू बघ."

मी पत्रिका बाजूला केल्या. त्यांनी पदर उलगडला. मोहरीच्या पिवळ्या रंगावर गडद लाल आणि काळपट निळा. पदरावर त्यांनी आपल्या क्षिप्रा नदीचा घाट काढला होता, पायऱ्या पायऱ्यांनी खाली येणारा. पायऱ्या हाताने ओढलेल्या, पट्टीशिवाय, जरा जरा थरथरलेल्या. त्यांच्या खाली पाणी. तिथे त्यांनी कापड स्वतःच्या मुठीत चुरगळलं होतं, आणि मेण फुटून ज्या शिरा उतरल्या होत्या त्या खरोखर हलत्या पाण्यासारख्या दिसत होत्या. हे सगळं मी आज सांगतेय. त्या दिवशी मी तिसऱ्या पायरीकडे बघत होते. तिथे मेणाचा एक थेंब पडला होता. हरभऱ्याच्या डाळीएवढा, पिवळा.

"हनीफभाई म्हणत होते, इथे दिवा काढून टाका, झाकून जाईल," काका म्हणाले. "मी म्हटलं, नको. पडलाय तर राहू दे." मग त्यांनी विचारलं, "कशी झालीय?"

बँकेत दिवसभर सह्या पडताळून पडताळून माझे डोळे तसे झाले होते. शिवाय आचारी खोळंबला होता. मी म्हटलं, "छान झालीय काका. फक्त हा थेंब दिसतो हो. आणि या पायऱ्या पण थोड्या हलल्यात, नाही? मंडळी पुण्याची आहेत, बायका पदर हातात धरून बघतात. तुम्ही असं करा, ही वैशालीला घरात नेसायला होईल. पाठवणीसाठी मी फ्रीगंजमधून एक सिल्कची आणून ठेवते. म्हणजे काळजी नाही."

काका म्हणाले, "बरोबर."

तेवढंच. त्यांनी पदराची घडी घातली, काठाला काठ जुळवून, आणि पुडकं परत बांधलं. दारात आचाऱ्याच्या माणसाला वाट देण्यासाठी बाजूला झाले आणि गेले. मी वही ओढली आणि त्या ओळीपुढे 'फ्रीगंज – सिल्क, उद्या' असं लिहिलं. संध्याकाळी मला हलकं वाटलं होतं, हेही मला आठवतं.

पाठवणीच्या वेळी वैशाली सिल्कच्या साडीत होती. सुंदर दिसत होती. सगळ्या बायकांनी पदर हातात धरून बघितला आणि कुणाला काही सापडलं नाही. ती काकांच्या पाया पडली आणि तिने हळूच विचारलं, "बाबा, तुमची साडी?"

"रंग पक्का नाही बसला बेटा," काका म्हणाले. "पुढच्या वेळी."

मी दोन हातांच्या अंतरावर उभी होते. माझ्याजवळ तिच्या सामानाची बॅग होती.

पंधरा दिवसांनी हनीफभाई त्यांच्या कामासाठी बँकेत आले. मी त्यांना बसवलं, चहा मागवला. त्यांनी चहा घेतला नाही.

"मैडम, साहब की साड़ी में क्या खराबी थी?"

मी विचारलं, का?

"लगन के पाँच-छह दिन पहले ले के आए. बोले, पूरी काली कर दो. मैंने कहा साहब, ये क्या कर रहे हो, तीन महीने की मेहनत है. मेरे को दे दो, मेरी बहू पहन लेगी, मैं पहन लूँगा! नहीं माने. बोले, ग़लती बाहर नहीं रहनी चाहिए. खुद खड़े रह के कराई. दो बार काले में डुबाई. कुछ नहीं बचा, मैडम. घाट भी नहीं."

हनीफभाई मला दोष देत नव्हते. मी काय बोलले ते त्यांना माहीतच नव्हतं. त्यांनी उठताना नुसतं विचारलं, "किसी ने कुछ कहा क्या उनको?"

मी म्हटलं, "पता नहीं."

काकू म्हणाल्या की त्या काळ्या कापडाची काकांनी उशांची आतली खोळ शिवून घेतली. वैशालीला यातलं काही कळलं नाही. आजही तिला वाटतं की रंग पक्का बसला नव्हता. तिला सांगायचं मी कितीदा ठरवलं. सांगितलेलं नाही.

काकांशी मात्र मी बोलायला गेले. कशी गेले असेन? कागद घेऊनच गेले. वैशालीच्या दिवाळसणाला चार महिने होते. मी आठवडे पाडले होते, कापड कधी आणायचं, पहिला रंग कधी, दुसरा कधी. काका ओट्यावर बसले होते. त्यांनी चष्मा लावून सगळा कागद वाचला, शेवटपर्यंत.

"छान आखलंय," ते म्हणाले आणि कागद मला परत दिला.

"काका, माझं चुकलं."

"काय चुकलं? थेंब नव्हता का तिथे?"

"होता."

"मग? तू जे होतं ते सांगितलंस. मला काय दिसत नव्हतं?"

"पण तुम्ही तो राहू दिला होता."

त्यांनी चष्मा काढून गुडघ्यावर ठेवला. गल्लीतून कुणीतरी स्कूटर चालू करायचा प्रयत्न करत होतं. "हो," ते म्हणाले. "राहू दिला होता. आठ-दहा दिवस फार बरं वाटत होतं गं. मी तर सकाळी अंथरूण तसंच टाकून निघून जात होतो."

"खरंच," आतून काकू म्हणाल्या. "मीच उचलत होते."

"मग परत करा ना काका. एकदा जमलं म्हणजे परत जमेल."

"नाही. आता कलम हातात घेतली की मला थेंबच दिसतो. अजून पडलेला पण नसतो." ते हसले. माझी समजूत घालायला हसले असावेत. "तू वाईट नको वाटून घेऊस. चहा घेणार?"

मी चहा घेतला. माझ्यासमोर भिंतीवर काकूंनी नवीन कॅलेंडर लावलं होतं आणि ते अगदी सरळ होतं.

भेरूगढला ते परत गेले नाहीत. सायकल ओट्याखाली उभी राहिली. दीड-दोन वर्षांनी काका-काकू वैशालीकडे पुण्याला गेले, आणि काका तिथेच वारले. निरोप आला तेव्हा मी बँकेत होते. निघायला रजा मिळाली नाही, असं मी सगळ्यांना सांगितलं. मागितली असती तर मिळाली असती.

पण मी त्यांना शेवटचं बघितलं ते पुण्याला जायच्या आधीच्या हिवाळ्यात. फ्रीगंजमध्ये एका हॉलमध्ये हातमागाच्या कापडांचा सेल लागला होता. जेवणाच्या सुट्टीत मी गेले. आत गर्दी होती, आणि चादरींच्या टेबलापाशी मला काका दिसले. पाठमोरे, मफलर गुंडाळलेले, जरा वाकलेले. त्यांच्या शेजारी एक बाई बाटिकची चादर उलटसुलट करत होती. मग तिने ती टेबलावर टाकली.

"भैया, इसमें तो दाग है."

दुकानदार दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे होता. काका तिच्याकडे वळले. "दाग नहीं है बहनजी," ते म्हणाले. "मोम टपका है. हाथ का काम है, इसमें टपकता ही है. आप ले जाइए, अच्छी है."

"इतनी अच्छी है तो आप ही ले लो ना अंकलजी," ती बाई म्हणाली, आणि तिच्या बरोबरच्या दोघी हसल्या. काकाही हसले. त्या पुढच्या टेबलाकडे गेल्या.

मी चार पावलांवर होते. पुढे व्हावं, काका म्हणून हाक मारावी, ती चादर मीच घ्यावी, असं सगळं मनात एकदम आलं. पण मी एका खांबाआड उभी राहिले. काकांनी ती चादर जवळ ओढली. दोन्ही हातांनी झटकून टेबलावर पूर्ण पसरली. मेण पडलेली जागा शोधून तिच्यावरून एकदा अंगठा फिरवला. मग त्यांनी सावकाश घडी घातली, ती जागा वर राहील अशी, आणि चादर ढिगाच्या अगदी वर ठेवली, येणाऱ्या प्रत्येकाला आधी तीच दिसावी म्हणून.